लेण्यांकडची जवळची वाट

न्हाणीतला नळ खाकरला. आधी नुसती हवा, मग दोन ठसके, आणि मग बादलीच्या बुडावर पाण्याचा तडतडाट. सहा दिवसांनी. विशाखानं मांडीवरचा लॅपटॉप खाटेवर सरकवला आणि पदर खोचत ती धावली.

तिचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. 'शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पाहुण्यांनी' एवढंच.

दुपारचे हे दोन तास तिचे असत. लेक सांची शाळेत, नवरा संघपाल चिकलठाण्याला कंपनीत पहिल्या पाळीवर, आणि हर्सूलच्या त्या दोन खोल्यांत पंख्याच्या करकरीशिवाय दुसरा आवाज नाही. एवढ्या वेळात ती पाहुण्यांसाठी पुस्तिका लिहीत असे. सोनियाताईंनी आपल्या बंगल्याच्या वरच्या चार खोल्या पाहुण्यांना राहायला द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून विशाखा सकाळी तिथं जाऊन फोन आणि बुकिंग बघत होती. शहरात पहिल्यांदा येणारी माणसं रोज तेच ते विचारत, म्हणून तिनं चार गोष्टी कागदावर उतरवल्या. मकबरा सकाळीच बघा, दुपारी फरशी तापून अनवाणी पायांना चटके बसतात. वेरूळला मंगळवारी सुट्टी, अजिंठ्याला सोमवारी. हिमरू म्हणून दाखवतील ते सगळं हिमरू नसतं, कापड उलटं करून बघा. समोरचा माणूस शहराचं जे नाव घेईल, तेच तुम्ही घ्या. चाराच्या चाळीस झाल्या. त्यांच्या झेरॉक्स खोल्याखोल्यांत ठेवलेल्या होत्या, आणि आता सोनियाताई त्यांची पुस्तिका छापून घेणार होत्या.

पिंपात पाइप सोडून ती उभी होती, तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"विशाखा, मोकळी आहेस?"

"पाणी आलंय, ताई. बोला."

"मग थोडक्यात सांगते. पान अकरा. ते नाही चालायचं आता. तुला एक पाठवलंय ते वाच, उद्या बोलू."

पान अकरा विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांचं होतं. ती लेणी गाडीनं जाणाऱ्याला अर्धीच दिसतात, पायी जा, असं तिनं लिहिलं होतं. त्रिशरण वस्तीतल्या तिसऱ्या गल्लीतून निघालात की वीस मिनिटांत पायथा लागतो. तहान लागली तर कुठल्याही दारात पाणी मागा. 'इथं माणूस कोण ते विचारून पाणी देत नाहीत. आधी देतात, मग विचारतात.' सगळ्या पुस्तिकेत तिला स्वतःला आवडलेलं एवढंच एक वाक्य होतं. त्या तिसऱ्या गल्लीत तिची आई राहत होती.

पिंप भरून वाहायला लागलं तरी विशाखा फोनच्या पडद्याकडे बघत होती. मुंबईहून आलेल्या एका जोडप्यानं लिहिलं होतं. 'पुस्तिकेतल्या वाटेनं गेलो आणि पस्तावलो. एका बाईंनी आग्रहानं घरात बसवून घेतलं, खासगी चौकशा केल्या. नंतर मुलांचा घोळका मागं लागला. एकानं पिशवीला हात घातला. अजिबात सुरक्षित वाटलं नाही.' खाली पाचातले दोन तारे.

हे जोडपं तिला ठाऊक होतं. तीन दिवसांपूर्वी आईचा, मालनबाईंचा फोन आला होता आणि आनंदानं त्यांना धड बोलताही येत नव्हतं.

"विशे, तुझे पाव्हणे आलते गं! हातात तुझा कागद. बाई तर उन्हानं नुस्ती लाल झाल्ती. म्हन्लं, बसा घडीभर. नाव इचारलं, गाव इचारलं, लेकरंबाळं इचारली. त्यांनी भितीवरले फोटो बघितले सारे. मंग च्या ठिवला, पर बाईनं कपाला तोंडच नाय लावलं. लई गोड झाला असंल माझ्या हातनं. आन् आपल्या पोरांनी पार पायथ्याला नेऊन सोडलं त्यांला. कडुबाच्या नातवानं तर बाईची पिशवी धरली, जड व्हती म्हनून."

"बरं केलंस, आई," विशाखा म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनियाताई गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होत्या. विशाखानं न सांगताच चादरीची दुसरी दोन टोकं धरली. चादर मधोमध ताणली गेली.

"वाचलंस ना?"

"वाचलं. पान काढून टाकते मी, ताई."

"नुसतं काढून कुणाला दिसणार? तिकडून जाऊ नका, असं लिहायला हवं. म्हणजे त्या बाईंना उत्तर देता येईल, की बघा, आम्ही दखल घेतली."

"त्यांना कुणी काही केलेलं नाही."

"केलं असं मी कुठं म्हणते? त्यांना भीती वाटली. कुणाच्या वाटण्याला आपण काय करणार?"

"पोरं वाट दाखवायला गेलती."

घाईत तिच्या तोंडून वस्तीतलं बोलणं निघून गेलं. सोनियाताई दोन पावलं पुढं आल्या आणि आपली टोकं तिच्या हातात देऊन त्यांनी घडीचा खालचा काठ उचलून घेतला. त्यांचा आवाज मऊ होता. पिशोरच्या बागायतदार काकासाहेबांची ही लेक कुणावर आवाज चढवत नसे. मागच्या दिवाळीला तिनं सांचीला फ्रॉकही घेतला होता.

"अगं, तुला माहितीय, मला माहितीय. पण पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला काय कळणार?" त्यांनी काठाला काठ जुळवला. "तुझं माहेर तिकडंच ना गं? मग तर बरंच झालं. तुझ्याइतकं नीट कोण लिहिणार? कुणाला लागणार नाही अशा बेतानं लिही."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. विशाखा चादरीवरच्या सुरकुत्या तळहातानं दाबत राहिली. जूनमध्ये गाइडच्या प्रशिक्षणाची मुलाखत होती. गेल्या वर्षी टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं होतं, छापील असं काही आहे का तुमचं? ती 'नाही' म्हणाली होती. बाहेर बाकावर कॉलेजात तिच्याच वर्गात असलेली एक मुलगी वडिलांच्या ट्रॅव्हल कंपनीची रंगीत माहितीपत्रकं चाळत बसली होती. तिची निवड झाली.

"पुस्तिकेवर नाव कसं टाकणार आहात?" विशाखानं विचारलं.

"तुझं? टाकू की. शेवटच्या पानावर, खाली. नुसतं 'विशाखा'. छान वाटतं, घरच्यासारखं."

"पहिल्या पानावर पाहिजे. पूर्ण. विशाखा संघपाल साळवे."

सोनियाताईंनी घडीवरची नजर उचलली. आडनाव ऐकल्यावर लोक बघतात तसंच त्यांनी बघितलं. अगदी थोडं, लगेच सावरून. मग त्या हसल्या.

"अगं, हो! त्यात काय एवढं? पान अकरा तेवढं संध्याकाळपर्यंत दे मग."

चादरीची शेवटची घडी विशाखानंच घातली.

त्या दुपारी तिनं ते वाक्य सात वेळा लिहिलं. आधी 'धोक्याचे' असा शब्द आला, तो तिनं लगेच खोडला. मग 'अस्वच्छ' आला. तो कुठून आला ते तिला कळेना. तोही खोडला. 'जाऊ नये' फार कठोर वाटलं, म्हणून 'टाळावे' केलं आणि त्याच्याआधी 'शक्यतो' घातलं. शेवटी जमलं. 'लेण्यांकडे मुख्य रस्त्याने, वाहनानेच जावे. त्रिशरण वस्तीतून पायी जाणे पाहुण्यांनी शक्यतो टाळावे. अनोळखी घरांत बसू नये, तेथे काही घेऊ नये.' तिनं ते हलक्या आवाजात स्वतःला वाचून दाखवलं. कुठं अडखळत नव्हतं. वाक्य चांगलं झालंय, असं तिच्या मनात येऊनही गेलं. मग ती उठली आणि गरज नसताना तिनं भांडी पुन्हा विसळायला घेतली. अजून पाच दिवस पाणी येणार नव्हतं.

पुस्तिका देखणी निघाली. गुळगुळीत कागद, वर मकबऱ्याचं चित्र, आतल्या पहिल्याच पानावर तिचं नाव. विशाखानं मिळालेल्या दोन प्रती कपाटात साड्यांखाली ठेवून दिल्या, मुलाखतीपुरत्या. पण संघपालला आनंद झाकता येत नसे. त्यानं पाळी सुटल्या सुटल्या सासूला फोन करून टाकला. मालनबाई म्हणाल्या, ऐतवारी घेऊन या, मला माझं पान बघायचंय.

"विसरले गं आणायला," रविवारी दारात चपला काढता काढता विशाखा म्हणाली.

"मी आणलंय!" सांचीनं दप्तरातून पुस्तिका ओढून काढली. आठ वर्षांची पोर, चांगलं वाचते म्हणून वर्गात बाई तिलाच उभी करत.

मालनबाईंनी लुगड्याला हात पुसले आणि पुस्तिका दोन्ही हातांत घेतली. अक्षरं त्यांना येत होती, पण मोतीबिंदूमुळं छापील ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसत. त्यांनी ती नाकाजवळ नेली, कागदाचा वास घेतला आणि परत नातीच्या हातात दिली. मग समोरच्या ओट्याकडं तोंड करून हाक मारली.

"आवडाबाई! या की इकडं. पोरीचं पुस्तक आलंय."

आवडाबाई गुडघ्यावर हात टेकत आल्या. "व्हय का? तुझी पोर आता मुंबईवाल्यांला रस्ता दावती म्हनं. माझी शेळी परवापासून गावंना झालीय, ती कुठं हाय ते लिवलंय का त्यात?"

"शेळीचं नाय. माझं लिवलंय," मालनबाई म्हणाल्या. "ह्या गल्लीचं लिवलंय. पानी मागा, असं. सांचे, आधी नाव वाच आईचं."

"विशाखा संघपाल साळवे."

"परत वाच."

सांचीनं परत वाचलं. आवडाबाईंनी मान डोलावली. मालनबाईंनी विशाखाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, ती सांचीएवढी असताना फिरवत तसा. विशाखानं मान खाली घातली.

"आई, नंतर वाचू. ऊन आहे, तिचे डोळे दुखतील."

"सावलीत बसलीय की ती. वाच गं तू. मी च्या ठिवते, आतनं ऐकू येतंय मला." मालनबाई उंबरा ओलांडून आत गेल्या. "पर मोठ्यानं वाच. ह्या आवडाबाईला एका कानानं कमी येतं."

"दोन्ही कान शाबूत हायेत माझे!"

सांची पानं उलटत गेली. नऊ, दहा. मग अकरा. बोट ओळीखाली ठेवून ती आधी मनातल्या मनात वाचून बघे, अडलेला शब्द चारचौघांत अडू नये म्हणून. तिचे ओठ हलत होते. 'त्रिशरण'पाशी ती खुश होऊन हसली, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तशी. बोट पुढं सरकलं. पुढच्या शब्दावर थांबलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. ओळ संपली. खालची ओळही संपली.

आत कपबश्या वाजल्या. "कुठवर आलीस गं?" मालनबाईंनी विचारलं. आवडाबाई कान पुढं करून बसल्या होत्या.

सांचीनं दाराकडं बघितलं, आज्जीच्या पाठमोऱ्या आकृतीकडं. मग ती सरकत सरकत विशाखाच्या अगदी जवळ आली आणि तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई," ती म्हणाली, "हे मोठ्यानं वाचू?"