गिरमिटाचं राहिलेलं काम

मित्रांनो, शाळा सुटली की काठावरच्या ज्या लांबट उंचवट्यावर बसून तुम्ही पाण्यात खडे मारता, तो उंचवटा म्हणजे मी. काल तुमच्यातला एकजण मोठ्या ऐटीत म्हणाला, "ही जुन्या काळची भिंत आहे." मला राग आला नाही. भिंत ही काही वाईट वस्तू नव्हे. पण खरं ते खरं. मी एक म्हातारा पडाव आहे. पडाव म्हणजे माल वाहणारी, सपाट बुडाची आडदांड नाव. हल्लीचे लोक बार्ज म्हणतात. तुम्ही काहीही म्हणा, पण खडे जरा बेतानं मारा. वर लव्हाळं उगवलंय, तरी खाली लाकूडच आहे.

माझा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, एका उघड्या कारखान्यात झाला. मला घडवणारा सुतार तोंडाचा भारी फटकळ. माणसांशी धड बोलायचा नाही, लाकडाशी मात्र दिवसभर बोलायचा. फळ्यांच्या फटींत काथ्या ठासताना तो हाताखालच्या लोकांवर ओरडायचा, "नीट ठोका रे! पाणी कुणाचं सगं नसतं. बोटभर जागा दिलीत की घरात शिरून बसेल!" माझ्या पोटात त्यानं एक आडवी भिंत घातली. भिंतीच्या पुढे माल, मागे माणसं. मागची खोली एवढीशी. दोन बाकं, एक चूल आणि एक गोल खिडकी. पण पुढे गुडघाभर पाणी साचलं तरी मागे थेंब येऊ नये, इतकी ती भिंत पक्की. ही भिंत लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच झाली.

मला इंजिन नव्हतं. भरती लागली की वर जायचं, ओहोटी लागली की खाली यायचं, आणि मधल्या वेळात नांगर टाकून गप्प बसायचं. धुराच्या बोटी भोंगा वाजवत शेजारून जायच्या आणि मला उगीच हेलकावे देऊन जायच्या. त्यांचा तोरा त्यांना लखलाभ. मी विटा वाहिल्या, कोळसा वाहिला, चुना, वाळू, लोखंडाचे गज वाहिले. गावातलं ते कारखान्याचं उंच धुराडं दिसतं ना, त्याची वीटन् वीट माझ्या पोटातून आलेली आहे. "या पडावातल्या मालाला ओल लागत नाही," असं कारखान्याचे मालक चारचौघांत म्हणायचे. असं कुणी म्हटलं की माझा तांडेल कान खाजवायचा.

तांडेल म्हणजे माझ्यावरचा मुख्य माणूस. माल भरून झाला की तो माझ्या कडेवर तळहाताची सणसणीत थाप मारायचा आणि ओरडायचा, "भरला! सोडा दोर!" ती थाप बसली की मला बरं वाटायचं.

त्याची बायको त्याच्याबरोबर मागच्या खोलीतच राहायची. एकदा विटा भरून आम्ही भरतीची वाट पाहत नदीच्या मध्यावर उभे होतो, आणि भरतीच्या आधी तिला कळा सुरू झाल्या. सुईण नाही, दुसरी बाई नाही. तांडेल नुसता दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता.

"अहो, फेऱ्या काय मारताय? पाणी तापवा!" आतून बायको ओरडली.

"नदीतलं घेऊ?"

"कपाळ माझं! पिंपातलं घ्या हो, पिंपातलं!"

मुलगी झाली. लाकडी बाहुलीसारखी ठेंगणी आणि ठणठणीत, म्हणून तिला सगळे ठकी म्हणू लागले. तिचा पाळणा खोलीच्या छताच्या आकड्याला टांगला होता. त्याला झोका द्यायचं काम नदी आणि मी मिळून करायचो. पोर कधी रडली नाही, असं मी म्हणणार नाही. चांगली भोकाड पसरायची. पण पडाव चालू लागला की गप्प व्हायची.

मग वरच्या अंगाला पूल झाला आणि पुलावरून मालट्रक धावू लागले. त्यांना भरतीची वाट बघावी लागत नाही. गरज सरो, वैद्य मरो. मी धक्क्याला बांधलेला पडून राहिलो. अंगावर शेवाळ चढलं, कबुतरांनी संसार मांडले. तांडेल बायको-पोरीला घेऊन काठावरच्या गल्लीत राहायला गेला.

याच गल्लीच्या जिवावर नदी उठली होती. इथं तिला वळण आहे, आणि वळणावर पाणी काठ खातं. दर उधाणाला थोडी माती ढासळायची. अशा वेळी नदीवरच्या लोकांची एक जुनी रीत होती. निकामी झालेले पडाव मोठ्या भरतीला काठाशी आणायचे, एकामागे एक लावायचे आणि त्यांच्या बुडाला गिरमिटानं भोकं पाडायची. मग प्रत्येक भरती आत गाळ आणते. ओहोटीला पाणी निघून जातं, गाळ राहतो. पडाव भरत जातो, जड होतो, रुतून बसतो आणि काठाला बांध मिळतो. मला हे पसंत होतं. तुकडे होऊन कुणाच्या चुलीत जाण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं.

आपल्या पडावाची भोकं ज्याची त्यानं पाडायची, असा शिरस्ता होता. तांडेलानं गिरमिट घेतलं आणि माझ्या पुढच्या भागात एकेक भोक पाडत गेला. मग तो मागच्या खोलीकडे वळला. तेवढ्यात काठावर उभी असलेली छोटी ठकी रडत ओरडली, "बाबा, माझी खोली बुडवू नका!"

"नाही गं बाळा. तुझी खोली नाही बुडणार."

मला वाटलं, पोरीची समजूत काढतोय. पण तो आत जाऊन बाकावर बसला, गिरमिट मांडीवर घेऊन. बराच वेळ बसला. मग उठला, बाहेर आला, दार लावून त्यावर फळ्या ठोकल्या आणि फटींत डांबर भरलं.

"झालं सगळं?" काठावर बायकोनं विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

झालं कसलं! पुढून मी गाळानं भरलो आणि बसलो. मागून मात्र रिकामाच. उधाण चढलं की माझी मागची बाजू वर उचलायची आणि पाणी उतरलं की धप्पकन खाली यायची. तिथल्या काठाची माती दरवेळी थोडी सैल व्हायची आणि ओहोटीबरोबर निघून जायची. काठ राखायला मला बसवलेलं, आणि मीच त्याला पोखरत होतो. कुंपणानं शेत खायचं म्हणतात, त्यातली गत.

आणि खरं सांगू का, मित्रांनो? मला ते उचललं जाणं आवडायचं. तेवढ्यापुरतं वाटायचं, आपण अजून तरंगतोय. शेजारचे पडाव केव्हाच माती होऊन गेले होते.

तांडेल म्हातारा झाला. संध्याकाळी येऊन माझ्या छतावर बसायचा, कान खाजवायचा. मग एके वर्षी यायचा थांबला. त्याच्यामागून त्याची बायकोही गेली. ठकी त्याच घरात राहिली, माझ्या अगदी पाठीमागे. मालट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवून तिनं पोट भरलं. "बापाचा धंदा ज्यांनी बसवला त्यांच्याच ताडपत्र्या शिवतेस?" असं कुणी डिवचलं, तर म्हणायची, "ट्रकशी माझं काय वाकडं आहे? ताडपत्र्या फाटतात म्हणून तर मी खाते." बघता बघता तिची ठकीआजी झाली.

दोनेक वर्षांमागे तिच्या घराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. मग शेजारच्या घराला पडली. काठाची पाहणी करणारी इंजिनिअरबाई आली. वयानं तरुण, पायात गुडघ्याएवढे बूट. तिनं भेगा पाहिल्या, काठ पाहिला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "आजी, पुढच्या मोठ्या उधाणाच्या आत गल्लीचं हे टोक रिकामं करावं लागेल. बाकीचा काठ धडधाकट आहे. इथंच का खचतोय, तेच कळत नाही."

"रिकामं करून जायचं कुठे?"

"सोय करतील."

"कोण करतील?"

इंजिनिअरबाई पुन्हा भेग मोजू लागली. खोटं बोलणाऱ्यातली नव्हती ती.

दुपारची वेळ होती. पाणी उतरत होतं. आणि मी नेहमीप्रमाणे धप्पकन बसलो.

"हा कसला आवाज?" इंजिनिअरबाईनं विचारलं.

"हा होय? हा आमचा कायमचाच. उधाण उतरलं की होतो. तो ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"पण होतो कशाचा?"

ठकीआजी वाकून आवाजाच्या दिशेनं बघू लागली. जन्मभर ऐकलेल्या आवाजाबद्दल तिनं कधी विचारच केला नव्हता. दोघी चिखल तुडवत खाली आल्या. इंजिनिअरबाईनं माझ्या अंगावर ठोकून पाहिलं. पुढे भद्द. मागे मात्र पोकळ. त्यांनी दाराच्या फळ्या उचकटल्या.

आत कोरडं ठणठणीत. दोन बाकं, चूल, गोल खिडकी. छताला आकडा, आणि आकड्याला पाळण्याच्या दोरीचा तुकडा.

ठकीआजी दारातच खाली बसली. "तुझी खोली नाही बुडणार..." ती पुटपुटली. आणि मग एकदम मोठ्यानं म्हणाली, "अहो बाबा! मी लहान होते हो! लहान पोराचं एवढं कुणी ऐकतं का?" हसत होती आणि हाताच्या पाठीनं डोळे पुसत होती.

इंजिनिअरबाईनं आतल्या आडव्या भिंतीवर ठोकून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, वर कळवलं तर हा पडाव उचलून नेतील. रंगबिंग देऊन कुठेतरी मांडून ठेवतील. पण हा हलला की काठही त्याच्याबरोबर येईल."

"आणि भरला तर?"

"भरला तर बसेल. मग भेग वाढायची नाही, असं मला वाटतं. मी मशीन मागवते. दोन मिनिटांचं काम आहे."

"मशीन नको. थांब जरा."

ठकीआजी घरी गेली आणि बापाचं गिरमिट घेऊन आली. इतकी वर्षं ते तिच्या मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं होतं. गंजलं होतं, पण टोक शाबूत होतं. "बाबांचं काम राहिलंय," ती म्हणाली. "कुठे पाडू सांग."

"एक या भिंतीजवळ, एक पार मागे. म्हणजे पाणी फिरेल."

आजी गुडघ्यांवर बसली. टोक टेकवलं आणि तशीच थांबली. तिनं ते फिरवू नये, असं मला फार वाटलं. आणि तिच्या घराची भेग थांबावी, असंही वाटत होतं. दोन्ही कसं जमणार? तिनं दात-ओठ खाऊन गिरमिट फिरवलं. चुरा पडू लागला. आतलं लाकूड अजून पिवळं होतं. निम्म्यात तिचे हात भरून आले. "धर गं पोरी," ती म्हणाली, आणि पुढचं इंजिनिअरबाईनं पुरं केलं.

मग दोघी माझ्या छतावर बसून राहिल्या. भरती लागली आणि पाणी बुडबुडत आत आलं. मला सुताराचं बोलणं आठवलं. पण या वेळी पाणी आगंतुक नव्हतं, बोलावून आलं होतं.

मोठ्या उधाणाच्या दिवशी सगळी गल्ली दारात उभी होती. पाणी चढलं, चढलं, पार पायऱ्यांना लागलं. मी उचललो गेलो नाही. पाणी उतरलं. आवाज झाला नाही. इंजिनिअरबाईनं भेगेवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. लोक हसत, एकमेकांच्या पाठी थोपटत चहाला आत गेले. ठकीआजी तेवढी दारात उभी राहिली. ती धप्प ऐकायला थांबली होती, हे मला ठाऊक आहे. वाईट वाटलं तिला. मलाही वाटलं.

मित्रांनो, आता म्हाताऱ्याचं एक ऐका. जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. कशा जपायच्या, ते जरा विचारत चला. तांडेलाची माया खरी होती, पण त्याच मायेपायी लेकीचं घर जात होतं. माझ्यापुरतं म्हणाल, तर रंग नको की पाटी नको. वरचं लव्हाळं तेवढं उपटू नका, त्याच्या मुळांनी गाळ धरून ठेवलाय. बसायला खुशाल या.

परवा ओहोटीला ठकीआजी काठी टेकत, चिखल तुडवत आली. दारातून वाकून आत पाहिलं. बाकं, चूल, खिडकी, काही दिसत नव्हतं. गाळ छताच्या आकड्याला टेकला होता. तिनं माझ्या कडेवर तळहाताची सणसणीत थाप मारली आणि थेट बापासारखी ओरडली, "भरला!"

दोर सोडायला मात्र ती कुणाला म्हणाली नाही.