वासाचा रकाना

जर्मनीहून आलेल्या तक्रारीसोबत अकरा फोटो होते. मी एकेक फोटो मोठा करून बघितला. काजू पांढरेशुभ्र, अख्खे, सारख्या आकाराचे. कुठे डाग नव्हता, बुरशी नव्हती, किडीचं छिद्र नव्हतं. खाली तक्रार दोन शब्दांची होती: खवट वास. सगळीच्या सगळी सातशे खोकी त्यांनी नाकारली होती.

"फोटोत वास दिसत नाय ना," नितेशभाई म्हणाले. "शेवंतीला कसा नाय आला पण? अठरा वर्षं काजू निवडते ती."

नितेशभाई आमच्या कंपनीचे मालक. मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे; निवडीची खोली खाली, लॅब वरच्या माळ्यावर. इथून काजू, वेलची, वाळवलेला कढीपत्ता परदेशात जातो. नितेशभाईंना स्वतःला काजूची अ‍ॅलर्जी आहे. तुकडा नुसता जिभेला लागला तरी त्यांचा गळा सुजतो, त्यामुळे निवडीच्या खोलीत ते नाकातोंडाला रुमाल बांधून येतात. मालाची चव आणि वास बघायला त्यांना दुसरं माणूस लागतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते माणूस म्हणून मला घेतलं.

आणि मला वास येत नाही.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये ताप आला, सहा दिवसांनी उतरला, आणि वास गेला तो परत आलाच नाही. पहिले काही महिने मी रोज सकाळी लवंग, लिंबाची साल आणि कॉफी हुंगून वहीत शून्य ते दहा गुण लिहायचे. एकशे चाळीस दिवस शून्य आल्यावर वही बंद केली. मुलाखतीत नितेशभाईंनी हिंगाची डबी पुढे केली आणि विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "उग्र." हिंगाबद्दल आणखी काय म्हणणार! त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळी पप्पांनी नाहूरच्या बुद्धविहारात सगळ्यांना सांगितलं, आमची चेतना लॅबमध्ये लागली. त्यानंतर खरं सांगायची वेळ दर आठवड्याला यायची आणि दर आठवड्याला निघून जायची.

प्रत्येक लॉटच्या प्रमाणपत्रावर ओलावा, आकार, पेरॉक्साइड मूल्य असे रकाने असतात. शेवटचा रकाना वासाचा. त्यात मी 'ताजा' लिहायचे. लिहिण्याआधी नमुन्याची वाटी घेऊन निवडीच्या खोलीत जायचे आणि शेवंतीमावशींना म्हणायचे, "मावशी, चव बघा ना, मीठ लावलंय का कोणी?" मावशी काजू नाकाशी धरायच्या, मग दाताखाली, आणि म्हणायच्या, "बरो हा." अशी चाळीस कंटेनरची प्रमाणपत्रं झाली.

जर्मनीच्या लॉटला त्या वेगळं म्हणाल्या होत्या.

तो दिवस मला तासासकट आठवतो. दुपारचे साडेतीन. मावशींनी काजू चावला, थांबल्या, आणि तळहातावर थुंकला. "बाय, ह्यो खवाट हा गो."

मी वर जाऊन चाचणी पुन्हा केली. ब्यूरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडत निळा रंग जाईपर्यंत मोजायचं. आमच्या काजूचं पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेल बिघडल्याचा आकडा, नेहमी दीड-दोन येतं, पाचपर्यंत चालतं. त्या दिवशी शून्य पॉइंट सहा आलं. तिसऱ्यांदाही तेवढंच. इतका चांगला आकडा मी आधी पाहिला नव्हता. मी खाली आले आणि मावशींना म्हटलं, "मशीन सांगतंय माल एक नंबर आहे. तुम्ही सकाळी मिश्री लावून आला असाल."

चार बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी खाली मान घालून पुढचं ताट ओढलं.

तक्रार आल्यावर मी जुनं पुस्तक उघडलं. काजूतलं तेल हवेने बिघडू लागलं की आधी पेरॉक्साइडं वाढतात. मग तीच पेरॉक्साइडं मोडतात, आकडा पुन्हा खाली येतो, आणि मोडताना तयार होतात अल्डिहाइडं. खवट वास त्यांचा. म्हणजे आकडा फार कमी असेल तर माल अगदी ताजा असतो, नाहीतर पार गेलेला. यातलं कोणतं, ते नाक सांगतं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी याच प्रश्नाचं उत्तर लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

"मूळ कारण लिहून पाठवायचं आहे त्यांना," नितेशभाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "सरळ लिही, निवड करणाऱ्या कामगाराची चूक. कामगार बदलला. वय झालं तिचं, नाक गेलं असेल. कोणाचं नाक जातं, कोणाचे डोळे."

"भाई, एवढ्यावरून काढायचं त्यांना?"

"मग तू सांग दुसरं कारण."

मी फॉर्मला हात लावला नाही. त्यांना ती दया वाटली असावी. ते म्हणाले, "ठीक आहे, टेस्ट घे तिची. उद्या अकरा वाजता, माझ्यासमोर. तीन वाट्या ठेव, दोन खवट, एक ताजी. ओळखली तर राहील. नाय ओळखली तर मी काय करू?"

मी खाली गेले. जेवणाची सुट्टी होती. मावशी खिडकीपाशी एकट्या डबा खात होत्या. मी त्यांना टेस्टचं सांगितलं.

"घे," त्या म्हणाल्या. "माका काय भय नाय."

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत? तुम्ही मला आधीच सांगितलं होतं म्हणून?"

"आणि मगे शेट तुका इचारतलो, तू कशाक नाय हुंगलंस." त्यांनी भाताचा घास कालवला. "गेल्या वर्सा लॅबात दूध करपलेला. खालपर्यंत वास इलो. मी धावत वर इलंय तर तू बाजूक बसान लिवत होतंस. टोपातून धूर येय, तरी तुका पत्तो नाय. तेवाच समाजला माका."

दोन वर्षं मी मिठाचं निमित्त करून वाटी पुढे करत होते, आणि गेलं वर्षभर त्या मला निमित्त करू देत होत्या.

"जेवलंस काय?" त्यांनी विचारलं. "बस, सुकटीची चटणी हा. तुका चव लागता ना?"

"तिखट कळतं. खारट कळतं."

"मगे झाला की," त्या म्हणाल्या.

त्या रात्री मला झोप लागली ती एका हिशेबावर. मावशींचं नाक शाबूत आहे, त्या टेस्ट सहज पास होणार. नितेशभाईंना दुसरं कारण शोधावं लागेल, मी गोदामातल्या तापमानाबद्दल काहीतरी लिहीन. कोणाचंच काही जाणार नाही. मला कुणाला काही सांगावंही लागणार नाही.

सकाळी मी लॅबमध्ये वाट्या लावल्या. एक आणि तीन नंबरच्या वाटीत जर्मनीच्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना. दोन नंबरमध्ये ताजा काजू, लॅबच्या कपाटातल्या बरणीतला. या बरणीवर मीच 'प्रमाण नमुना' अशी चिठ्ठी लावली आहे, सगळी तुलना तिच्याशी करायची असा नियमही माझाच. उत्तरं कागदावर लिहून कागद नितेशभाईंकडे दिला.

मावशी पदर खोचून उभ्या राहिल्या. पहिली वाटी. "खवाट." दुसरी. हुंगली, एक काजू चावला, पुन्हा हुंगली. तिसरी. "खवाट." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"ताजी कोणती?" नितेशभाईंनी रुमालाआडून विचारलं.

"एकव नाय. तिनय खवाट आसत."

"नीट बघ, शेवंती."

"बगलंय."

नितेशभाईंनी कागद उलगडला. "दोन नंबर ताजा आहे. संपलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. "पुढच्या महिन्यापासून नको येऊ. मी वाईट माणूस नाय, पण बघितलंस ना तू पण."

मी बरणीचा विचार करत होते. फेब्रुवारीत भरलेली काचेची बरणी. कपाट खिडकीला लागून, दुपारी तिथे ऊन येतं. झाकण रोज उघडलं जातं. आठ महिने. उजेड, हवा, उष्णता, तिन्ही गोष्टी मी स्वतः पुरवल्या होत्या, आणि रोज तिच्यासमोर उभी राहून मला काही कळलं नव्हतं.

"भाई, मावशींचं बरोबर आहे. दोन नंबरही खवट आहे. माझी बरणी खराब झाली असणार."

"असणार म्हणजे?" त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "हुंग आणि सांग."

मी वाटी नाकाशी नेली. थंड स्टीलची कड ओठाला लागली. खवट म्हणायला काहीच लागणार नव्हतं, एक शब्द. पण तो म्हटला की पुढचा प्रश्न येणार होता: सकाळी बरणीतून काढताना तुला आला नाही? त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. आणि ताजा म्हटलं तर मावशी पुढच्या महिन्यात घरी.

"नाही कळत," मी म्हटलं.

"सर्दी झाली का?"

"सर्दी नाही. मला वास येत नाही. इथे लागले त्याच्या आधीपासून."

नितेशभाईंनी रुमाल खाली ओढला. खाली कुठेतरी पॅकिंगची चिकटपट्टी फर्रकन ओढल्याचा आवाज येत होता. "किती कंटेनर?"

"एकेचाळीस. चाळीस मावशींनी बघितलेले. जर्मनीचाही त्यांनीच खवट सांगितला होता. मी ऐकलं नाही."

ते खुर्चीत बसले. मी ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. मला खरंच हलकं वाटलं. नाहूरपर्यंत चालत जाऊ, पप्पांना कसं सांगायचं ते वाटेत ठरवू, असं मनात आलंसुद्धा.

"हे काय काढतेस? घाल ते," नितेशभाई म्हणाले. "तू गेलीस तर ऑडिटर विचारणार, केमिस्ट का गेली. मग एकेचाळीस कागद बाहेर येणार, सगळ्यांवर तुझी सही. माझी वाट लागेल आणि तुझी पण. तुला कुठली लॅब घेणार आहे? तू कुठे जायचं नाय. वास शेवंती घेईल, सही तू करायची. फॉर्ममध्ये गोदामाचं काहीतरी लिही. आणि हे ह्या लॅबबाहेर जाता कामा नये."

मी ओळखपत्राकडे बघत राहिले. फोटोत मी हसत होते.

"शेट," मावशी म्हणाल्या, "कागदार माजा नाव येतला?"

"तुझं नाव कसं येणार? चौथी शिकलेली तू. तिथे ग्रॅज्युएट लागतो."

"नाक माजा, नि नाव हिचा?"

"नोकरी राहिली ना तुझी? मग?"

मावशींनी दोन नंबरची वाटी उचलली, नाकाशी नेली आणि शांतपणे खाली ठेवली. "मगे आजपासून माकाव वास येणा नाय," असं म्हणून त्या दार उघडून निघून गेल्या.

नितेशभाई माझ्याकडे बघायला लागले, जणू आता मीच काही उपाय सांगणार. दुबईचा वेलची-काजूचा माल सकाळपासून तयार होता. त्याचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर होतं, सगळे रकाने भरलेले, शेवटचा सोडून. तेवढ्यात खालून टेम्पोवाल्याने हाक मारली.

"मॅडम, गाडी भरू काय?"

मी खिडकीशी गेले. "थांबा."

"किती वेळ?"

मी मागे वळून पाहिलं. नितेशभाईंनी पुन्हा रुमाल बांधला होता. काचेपलीकडे, खाली, मावशी आपल्या जागेवर बसून काजू निवडत होत्या, डोळ्यांनी, एकही नाकाशी न नेता. ओळखपत्र अजून टेबलावरच होतं.

"ओ मॅडम, किती वेळ?"

"माहीत नाही," मी म्हटलं.