अॅम्पमधली सूं

आमच्या कॉलनीत सिमेंटचा रस्ता झाला आणि रातकिडे गेले, हे मी भेटेल त्याला सांगतो. लोक "हो का?" म्हणून गप्प बसतात. लोकांचं लक्षच नसतं कशात.

माझं असतं. म्हणून तर माझ्या लेकीसाठी, मेघासाठी, गिटारचा आवाज मोठा करणारा अॅम्प मी घरीच बनवला. व्हॉल्व्ह जुन्या रेडिओतले, पेटी मी स्वतः वाकवलेल्या पत्र्याची. वाळूजच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात उभी हयात गेली, पत्रा माझं ऐकतो. रविवारी खुलताबादला भीमगीतांच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होती, ते याच अॅम्पवर.

आधी तो नुसता घूं करायचा. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांना पीळ दिला, अर्थिंगच्या सगळ्या तारा एका जागी आणल्या, आणि घूं गेली. मी खूश.

"पप्पा, घूं गेली, पण सूं राहिली की," मेघा म्हणाली.

"कसली सूं?"

"ही काय, चालूच हाय."

मी स्पीकरला कान लावला. काही नाही. तरी पहिल्या व्हॉल्व्हचा रेझिस्टर बदलला. मेघा म्हणे, हाय तशीच. व्हॉल्व्हच बदलला. तरी हायेच! माझं डोकं चालेना. मला तर उलट तिचं वाजवणं गोधडीखालून आल्यासारखं वाटत होतं. म्हणून ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, उठवायला एक छोटा कपॅसिटर जोडला आणि ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तिनं एकच तार छेडली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

"लई टोचतंय ओ पप्पा!"

"नाचता येईना अंगण वाकडं! नीट वाजव जरा."

तिनं गिटार खाली ठेवली. "मग रविवारी मी नाय वाजवणार."

तेवढ्यात माझी बायको रूपा पिठाच्या हातानंच बाहेर आली. "अहो, ते सूं-सूं बंद करा आधी. आतपर्यंत येतंय, डोकं उठलं माझं."

मायलेकी मिळून माझी फिरकी घेतायत असं वाटलं मला. चिडून अॅम्प बंद केला. "झालं समाधान?"

"व्हय. किती मोकळं वाटतंय," मेघा म्हणाली. "आता नुसते रातकिडे."

"कुठले रातकिडे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दिवेलागण झाली होती, खिडकी उघडी होती. मेघा हळूच म्हणाली, "पप्पा, केव्हाचे ओरडतायत. रोजच असतात."

मी खिडकीतून मान बाहेर काढली. एक मोटारसायकल गेली, ती ऐकू आली. मग काहीच नाही. कारखान्यात कानात घालायला रबरी बोळे द्यायचे, ते माझ्या खिशातच राहायचे. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

पण रविवार काही थांबणार नव्हता. मी कपॅसिटर काढला, अॅम्प सुरू केला आणि मेघाला म्हणालो, "तूच फिरव बटण."

ती थोडं थोडं फिरवत गेली, मध्येच तार छेडत. एका जागी थांबली.

"सूं पण गेली. आता कसं गोड वाजतंय, नाय?"

माझ्यासाठी ते आणखीच गोधडीत गेलं होतं. मी मान डोलावली. रविवारी पहिल्या रांगेत बसून अशीच डोलावणार. पण इतकी वर्षं दारात उभा राहून तिचा सराव मी ऐकत आलो, ते मग काय होतं? माझ्या पोरीची गिटार खरी कशी वाजते, हे आता कोणाला विचारू?