चातुर्मासात सोडलेली गाडी

आषाढात भजनी मंडळाच्या बायका चातुर्मासासाठी काय काय सोडणार ते जाहीर करत होत्या, तेव्हा अरुंधतीबाईंनी गाडी सोडली.

आधी कुसुमताईंनी वांगं सोडलं. कुसुमताई मंडळाच्या अध्यक्ष. वांगं त्यांना मुळातच आवडत नसे, त्यामुळे दरवर्षी त्या ते मोठ्या मनानं सोडत. मग कुणी चहा सोडला, कुणी गादी सोडली, एकीनं मोबाइलवरच्या मालिका सोडल्या, पण टीव्हीवरच्या राखून ठेवल्या. पाळी अरुंधतीबाईंची आली. त्यांचा आवाज इतका बारीक, की मंडळात त्यांना गायला न बसवता हातात झांजा दिल्या होत्या. त्या खाली बघत म्हणाल्या, "मी गाडी सोडते. चार महिने चालवणार नाही."

निगडी प्राधिकरणात आजवर उपास पुष्कळ झाले होते, पण पेट्रोलचा उपास कुणी धरला नव्हता.

"आणि रिक्षा चालते का गं?" कुसुमताईंनी शंका काढलीच.

"रिक्षा परक्याची. त्याग आपल्या वस्तूचा करायचा असतो."

कुसुमताईंना आपल्या वांग्याची लाज वाटली असावी, कारण त्यांनी तिथल्या तिथे फ्लॉवरही सोडून टाकला.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, एक अरुंधतीबाईंना आणि दुसरं पांडुरंगाला. पण पांडुरंग एकादशीपासून चार महिने झोपायला निघालेला, तेव्हा त्याच्याकडून बोभाटा होण्याची भीती नव्हती.

झालं होतं असं, की त्याच आठवड्यात तळवड्याच्या चौकात अरुंधतीबाईंची गाडी बंद पडली होती. मागे कंटेनर. सिग्नल हिरवा झाला, त्यांनी क्लच सोडला, गाडीनं उचकी दिली आणि मान टाकली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उचकी. कंटेनरचा हॉर्न असा वाजत होता, की त्यांचे दात आतून हलले. कंपनीच्या बसमधली पोरं खिडक्यांना लटकून हसत होती. शेवटी कंटेनरचा क्लीनर उतरला, गाडी ढकलून कडेला लावली आणि हात जोडून म्हणाला, "माताजी, घर जाके पूजा करो." अरुंधतीबाई घरी गेल्या आणि त्यांनी तेच केलं.

आता या गाडीचं त्यांना एवढं काय होतं? तर यजमानांनी, म्हणजे मुकुंदरावांनी, गाडी घेतल्या घेतल्या सोसायटीचं गेट पाडलं होतं आणि नंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. चाकणच्या कंपनीत जन्मभर क्वालिटी डिपार्टमेंट सांभाळलेला माणूस, दुसऱ्याच्या चुका काढायची सवय, स्वतःची सहन होईना. मग पन्नाशीत अरुंधतीबाई शिकल्या. रोज पहाटे एकट्या चिंचवडला मोरयाचं दर्शन घ्यायच्या आणि परत येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यायच्या. काचा बंद केल्या की त्या गायच्या. मोठ्यानं, गळा फाडून, कुठल्याही पट्टीत. घरात, मंडळात, सासरी, माहेरी, कुठे म्हणून ज्या आवाजाला जागा नव्हती, तो आवाज त्या गाडीत ठेवलेला होता.

आणि ती गाडी आता पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली.

त्यांना वाईट वाटे. सोडलेल्या वस्तूला राग येऊ नये म्हणून रोज सकाळी त्या खाली उतरून बॉनेटला हळदकुंकू लावत, अक्षता वाहत, चिमूटभर साखरेचा नैवेद्य दाखवत. चतुर्थीला खोबऱ्याचे तुकडे. खंडेनवमीला तर झेंडूची माळ, कापसाचं वस्त्र आणि गहू-तांदळाची ओटी. अक्षता काचेखालच्या जाळीतून आत घरंगळत आणि दुसऱ्या दिवशी बॉनेट स्वच्छ दिसे. देवानं नैवेद्य खाल्ला असं समजून त्या दुप्पट वाहत.

मुकुंदराव वरून गॅलरीतून बघत. "अगं, गाडीला देव्हाराच करायचा होता तर छोटा घेतला असता. पार्किंग तरी मोकळं राहिलं असतं."

पार्किंगवरूनच पुढचं सगळं घडलं. अरुंधतीबाईंचं गुरुवारी दुपारपर्यंत मौन असे. मुकुंदरावांना घरातले महत्त्वाचे प्रश्न नेमके गुरुवारी सकाळी सुचत. कार्तिकातल्या अशाच एका गुरुवारी त्यांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "जुन्या गाड्या घेणारा एजंट ओळखीतला आहे. द्वादशीनंतर बोलावतो. तुझी काही हरकत?" अरुंधतीबाईंनी हातवारे केले, डोळे मोठे केले, भांडं आपटलं. "नाही ना? मग ठरलं," म्हणत मुकुंदरावांनी फोन लावलासुद्धा.

दुपारी मौन सुटल्यावर बाईंनी एवढंच म्हटलं, "आणि सुरू झाली तर?"

"सुरू झाली आणि तू चालवलीस, तर राहील. नाही तर तो ओढून नेईल. चार महिन्यांत तू तिच्यासमोर उदबत्ती सोडून काही पेटवलेलं नाहीस, तेव्हा मी निश्चिंत आहे."

द्वादशी झाली, चातुर्मास संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट यायच्या आधी अरुंधतीबाई आंघोळ, पूजा, पोथीचा अध्याय उरकून खाली उतरल्या. मुकुंदराव मागोमाग, हातात चहाचा कप. बाई सीटवर बसल्या, किल्लीला नमस्कार केला आणि फिरवली.

गाडी 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली. या वेळी तेवढंही म्हणाली नाही.

आणि अरुंधतीबाईंना हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याची शरम वाटली. 'देवाचीच इच्छा,' असं मनात म्हणायला घेतलं, पण ते वाक्य काही पुरं होईना. देवाला सगळी कामं सोडून तळवड्याच्या चौकाची इच्छा कशाला असेल?

"बॅटरी गेली," मुकुंदराव चहाचा घोट घेत म्हणाले. "रूट कॉज, भक्ती."

तेवढ्यात गेटमधून धम्मरत्न आला. वरच्या मजल्यावरचा शेजारी, मूळचा नांदेडकडचा, चाकणला शिफ्ट इन्चार्ज. नाइट करून आला होता, डोळे तांबारलेले. "काय काकू, आज दर्शन उलट्या बाजूनं? तुम्ही आत आणि भक्त बाहेर?"

"सुरू होत नाही रे."

"चार महिने उपाशी ठेवल्यावर माणूस तरी उठतो का?" त्यानं स्वतःची गाडी नाकासमोर नाक लावून उभी केली, डिकीतून जाड वायरी काढल्या आणि अरुंधतीबाईंच्या गाडीचं बॉनेट उघडलं. उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"काका, जरा इकडं या. हितं तर लंगर चालू आहे."

आत काचेच्या कडेला तांदूळ, गहू, खोबऱ्याच्या कुरतडलेल्या चकत्या यांचा ढीग होता. बॅटरीच्या बाजूला कापसाच्या वस्त्रांचं, कुंकवाच्या ठिपक्यांसकट, मऊ गुबगुबीत घरटं. घरट्यातून एक उंदीर उठला. चांगला पोसलेला, तब्येतीनं. त्यानं तिघांकडे बघितलं आणि घाई न करता डॅशबोर्डच्या दिशेनं आत निघून गेला. अरुंधतीबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"हात काय जोडतेस!" मुकुंदराव ओरडले. "वायरी खाल्ल्यात त्यानं!"

"मी देव मानत नाही काकू," धम्मरत्न टॉर्च मारत म्हणाला, "पण तुमच्या गणपतीचं ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट लई मेहनती आहे." एक कुरतडलेली वायर त्यानं पिळून जोडली, वर काळी टेप गुंडाळली. दुसरी जोडायला गेला तर तिचा मधला तुकडाच गायब. त्यानं इकडेतिकडे शोधलं, जाड वायरींनी दोन्ही बॅटऱ्या जोडून लाइट लावून बघितले, ब्रेक दाबायला लावला. सगळं ठीक. मग तो हसायला लागला. "हॉर्न खाल्ला, काकू. तेवढा एकच प्रसाद पचला त्याला."

जाड वायरी लागलेल्याच होत्या. धम्मरत्ननं आपली गाडी रेस केली. "मारा आता!"

अरुंधतीबाईंनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, कण्हली, मागून काळ्या धुराचा एक भपकारा सोडला आणि सुरू झाली. थरथरत का होईना, सुरू झाली. टपावरचे सुकलेले झेंडू खाली पडले.

"आता बंद करायची नाही," वायरी काढत धम्मरत्न म्हणाला. "बॅटरीत जीव नाही. अर्धा तास तरी पळवून आणा, चाकणच्या बाजूला मोकळी सोडा. मधेच बंद पडली तर पुन्हा उठणार नाही, तिथूनच उचलून आणावी लागेल."

अरुंधतीबाईंनी दार उघडून एक पाय बाहेर ठेवला. "तू नेतोस का रे?"

"मी नेली तर थेट झोपेत नेईन. दोन्ही डोळे मिटायला लागलेत."

"अहो, तुम्ही..." त्यांनी मुकुंदरावांकडे बघितलं आणि गेटकडे बघितलं. मुकुंदरावांनीही गेटकडे बघितलं. गेट आता दणकट होतं.

"माझा नैवेद्य व्हायचाय," बाई म्हणाल्या. "उद्यापनही राहिलंय. ते झाल्याशिवाय गाडी..."

"व्रत काल संपलं," मुकुंदराव म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "नसेल न्यायची तर बंद कर. एजंट येईलच."

इंजिन धडधडत होतं. अरुंधतीबाईंनी डोळे मिटले. पांडुरंगा, उठलास का? नुकताच उठलायस, चिडचिड करू नकोस, पण ऐक. ते व्रत नव्हतं. मी घाबरले होते. चार महिन्यांचं पुण्य माझ्या नावावर लावलं असशील तर खोडून टाक, आणि कुसुमताईंना त्यांचा फ्लॉवर परत दे. मला काही नको. गाडी बंद पडली तर पडू दे, फक्त तळवड्यात नको.

मग त्यांनी पहिला गिअर टाकला. मुकुंदराव कपासकट धावत येऊन शेजारी बसले. "हॉर्नशिवाय रस्त्यावर? हे सरळसरळ रिजेक्शन आहे!"

"मग उतरा."

मुकुंदराव उतरले नाहीत.

त्रिवेणीनगरपर्यंत ठीक गेलं. मुकुंदराव प्रत्येक खड्ड्याचं नाव घेत होते, आणि डॅशबोर्डच्या आत कुणीतरी बारीक आवाजात काहीतरी कुरतडत होतं. तळवड्याला सिग्नल लाल. अरुंधतीबाई थांबल्या. आरशात बघितलं. मागे कंटेनर. तो नव्हता, पण त्याचाच भाऊ असावा.

आणि पुढे भाजीचा टेम्पो. त्या टेम्पोला त्याच क्षणी वाटलं, की आपण पुढच्याऐवजी मागच्या दुकानापाशी लागायला हवं होतं. त्याचा मागचा दिवा लागला आणि तो उलटा यायला लागला. गच्च भरलेले फ्लॉवरचे गड्डे अरुंधतीबाईंच्या काचेकडे सरकू लागले.

"हॉर्न! अगं हॉर्न दे!" मुकुंदरावांनी हात लांबवून स्टिअरिंगच्या मधोमध दाबला. काही नाही. दोन्ही हातांनी दाबला. काही नाही. डॅशबोर्डमधला कुरतडण्याचा आवाजसुद्धा थांबला, जणू आपण काय खाऊन बसलो ते त्यालाही कळलं. मागे जायला जागा नाही. पाय क्लचवरून सुटू लागला, गाडीनं पहिली उचकी दिली.

अरुंधतीबाईंनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि बंद काचांच्या आत इतकी वर्षं ठेवलेला तो सगळाच्या सगळा आवाज तळवड्याच्या चौकात सोडला.

"गणपती बाप्पाऽऽऽ!"

टेम्पोवाल्याची नजर आरशात होती, एक हात स्टिअरिंगवर, तोंडात तंबाखू. पण या भागात वाढलेल्या माणसाला ते अर्धं सोडून देताच येत नाही. त्याचा हात वर गेला, पाय ब्रेकवर पडला आणि त्यानं तंबाखूसकट उत्तर दिलं, "मोरयाऽ!"

चहाच्या टपरीवरून मोरया आला. कंपनीच्या युनिफॉर्ममधल्या मोटारसायकलवाल्यांकडून आला. ट्रॅफिक वॉर्डनच्या तोंडातली शिट्टी गळाली आणि आतून मोरया निघाला. मागच्या कंटेनरवाल्याला अर्थ कितपत कळला कुणास ठाऊक, पण त्यानंही आपला तो दात हलवणारा हॉर्न एकदा लांब वाजवून पाठिंबा दिला. टेम्पो निमूटपणे पुढे सरकला. सिग्नल हिरवा झाला. अरुंधतीबाईंनी हाफ क्लचवर गाडी उचलली, पहिला, दुसरा, आणि चौक मागे पडला.

मुकुंदरावांच्या शर्टावर सगळा चहा होता. त्यांनी रिकामा कप पायाशी ठेवला. मग म्हणाले, "हा आवाज तुझा?"

"माझाच."

"भजनात कधी ऐकला नाही."

"भजनात झांजा असतात."

मुकुंदरावांचा फोन वाजला. एजंट पार्किंगमध्ये उभा होता. इथे नुसते तांदूळ सांडलेत आणि एक माणूस गाडीतच घोरतोय, गाडी कुठेय, असं तो विचारत होता.

"बाहेर गेलीय," मुकुंदराव म्हणाले. "नाही, विकायची नाही. सुरू झाली ना! कोण म्हणजे? मालकीणच चालवतेय." फोन ठेवून त्यांनी बायकोकडे चोरून बघितलं. ती गात होती. काच खालीच होती, पट्टी कुठलीच नव्हती.

इंद्रायणीचा पूल गेला. अर्धा तास केव्हाच झाला होता, पण परत वळायचं नाव कुणी काढलं नाही. चाकणकडच्या रस्त्याला एक खडीचा डंपर दोन्ही लेन अडवून आळसावल्यासारखा चालला होता. अरुंधतीबाईंनी ओढणीनं कपाळ पुसलं आणि श्वास भरून घेतला.

"थांब," मुकुंदराव म्हणाले. "सारखं तूच कशाला."

त्यांनी घसा साफ केला आणि आपल्या बाजूची काच खाली केली.