शोकेसमधल्या टीव्हीचा काळोख

"हे सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल," मी चपला काढता काढता म्हणालो, "पण आज मी असा काळोख बघून आलोय की त्यात हात घातला असता तर कोपरापर्यंत गडप झाला असता."

"बाळ्या, आधी निकाल सांग," आक्का पलंगावरून म्हणाली. "घ्यायचा की नाही?"

साडेसात वाजून गेले होते. दुकानदाराने तो ओलेड टीव्ही आमच्यासाठी आठपर्यंतच राखून ठेवला होता. शोकेसमध्ये मांडलेला एकच नग, म्हणून निम्म्या किमतीत. आणि एकदा नेला की परत घेणार नाही, असं त्याने दोनदा बजावलं होतं. पैसे आक्काचे होते. तिच्यापाशी होते ते सगळे.

माझी ही थोरली बहीण तीस वर्षं थिएटरच्या तिकीट खिडकीत बसली. मी वरच्या खोलीत ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा. ती खिडकी बंद करून आत यायची तेव्हा अर्धा सिनेमा उरकलेला असायचा. आता सगळे सिनेमे पहिल्यापासून बघायचे, हा तिचा हट्ट. पण एक डोळा गेला, दुसरा अधू, आणि घरातल्या जुन्या टीव्हीवर रात्रीचा प्रसंग आला की तिला नुसती राख दिसायची. ओलेडचा काळा खराखुरा काळा असतो, हे तिला मीच सांगून बसलो होतो.

"मी वाचलंय, स्वस्तातले ओलेड दिवसा फिके दिसतात," सूनबाई म्हणाली. फोन तिच्या हातातच होता. "आणि एकच चित्र महिनोन्महिने लावून ठेवलं तर त्याचा डाग पडतो. तो मग जात नाही."

"फिक्याला पडदा लावू. तू मला सांगू देशील का?"

"सांगा बाबा. पण वीस मिनिटांत सांगा."

मी खुर्ची ओढली. "तर मी टीव्हीसमोर उभा. माझ्या मागे एक ढेरपोट्या गृहस्थ मोजायची टेप उघडून तयार. मी जरा डावीकडे सरकलो की हा टीव्हीची उजवी बाजू मोजणार. म्हणे, 'काका, तुमचं नक्की नसेल तर सांगा, गाडी खाली उभी आहे.' तेवढ्यात दुकानातलं काळं मांजर पडद्यापुढे येऊन बसलं. सिनेमात रात्र चाललेली. मांजर कुठे संपलं आणि रात्र कुठे सुरू झाली, कळेना. सेल्समनने चाचपडून शोधलं."

"मांजर राहू दे," आक्का म्हणाली. "डाग बघितलास का?"

"तेच सांगतोय. रात्र संपली, भर दुपारचं आभाळ आलं, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक गोल खूण दिसली."

आक्काचा पदराशी चाळा करणारा हात थांबला. "रीळ बदलायची?"

सूनबाईला समजेना, म्हणून आक्काच सांगू लागली. रीळ संपत आलं की पडद्याच्या त्याच कोपऱ्यात क्षणभर ठिपका उमटतो. पहिल्या ठिपक्याला दुसरा प्रोजेक्टर चालू करायचा, दुसऱ्याला चित्र त्याच्यावर घ्यायचं. ऑपरेटर चुकला की पडदा पांढराफटक आणि खालून शिट्ट्या. "हा झोपेतसुद्धा चुकायचा नाही," ती म्हणाली.

"तेच नडलं," मी म्हणालो. "अडतीस वर्षांची सवय. मला भानच राहिलं नाही. ठिपका दिसला तसा उजवा हात आपोआप खटक्यावर गेला. आणि तिथे होता दुकानाचा मेन खटका. ओढला."

"अहो बाबा."

"तिन्ही मजले गुडुप. एकजण वॉशिंग मशीनमध्ये डोकं घालून बघत होता, तो घाबरून आणखी आत गेला. ढेरपोट्याची टेप सटकन मिटली ती त्याच्या बोटावर. आणि त्या मिट्ट काळोखात मी वळून टीव्हीकडे बघितलं. आक्का, नदी. होडी. एकेक चांदणी सुटी. चंद्र असा लखलखीत की सेल्समनच्या छातीवरचा बिल्ला मी त्या उजेडात वाचला. काचेला नाक लावून तो कोपरा बघितला. स्वच्छ. डागाचा मागमूस नाही."

घड्याळात सात बावन्न.

"म्हणजे घ्यायचा?" सूनबाईने विचारलं.

"घ्या."

तिने नंबर लावला. फोनची रिंग आम्हा तिघांनाही ऐकू येत होती. आक्का माझ्याकडे बघत होती, त्या एका डोळ्याने. पूर्वी फाटकी नोट खिडकीतून आत सरकवणाऱ्याकडे बघायची तशी.

"डाग नक्की गेला?"

"गेला म्हणजे गेला."

"मेन खटका तू पाडलास."

"हो ना."

"तिन्ही मजले बंद झाले."

"डोळ्यात बोट घातलं असतं तरी कळलं नसतं."

पलीकडे फोन उचलला गेला. "हॅलो, बोला," दुकानदार म्हणाला, "पाठवू का टेम्पो?" सूनबाई आक्काकडे बघू लागली. आक्काला तो टीव्ही हवा होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

"त्यांना नको म्हणून सांग पोरी," ती म्हणाली. "खोटं बोलतोय हा. मेन पडल्यावर टीव्ही काय याच्या तोंडच्या वाफेवर चालला? डाग अजून तिथेच आहे."