मुकं अक्षर

काजलच्या पायांत बळ नव्हतं. तिच्या डीएनएत एक दोष सापडला, तो आईकडून आलेला. एवढंच ऐकून टोकावड्याच्या हिराबाईने सून सावळीला पोरीसकट शहापूरला माहेरी धाडलं. मुलगा मनोजने अडवलं नाही.

हिराबाईची लेक रविना पुण्यात जनुकांवर संगणकाने संशोधन करते. एका दोषाने हा आजार होत नाही, दुसरा बापाकडून यावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. पण तो कुणाला सापडला नव्हता.

डीएनएच्या ज्या अक्षरांत प्रथिन बनवायची कृती असते, त्याच अक्षरांत आणखी सूचनाही दडलेल्या असतात: हा तुकडा ठेव, तो गाळ. कधी एखादं अक्षर बदलूनही प्रथिनाची कृती तीच दिसते, म्हणून तपासणारे ते मुकं समजून सोडून देतात. अशा बदलाने एखादी सूचना मोडलीय का, हे रविनाचा प्रोग्राम शोधायचा. सावळीला विचारून तिने काजलचा नमुना त्यात घातला. तुलनेला निरोगी म्हणून स्वतःचाही.

सुट्टीत घरी आल्यावर ओटीवर बसून तिने निकाल उघडला. काजलच्या नमुन्यात एक सूचना मोडलेली होती. खाली रविनाच्या नमुन्यातही तेच अक्षर, तीच जागा. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून तिने सगळं पुन्हा तपासलं. तेच आलं.

पुढे मनोजच्या रक्तातही तो बदल निघाला. त्यामुळे काजलच्या पेशींत हवा तो तुकडा गळतो, हेही प्रयोगशाळेने दाखवलं. मग रविनाने मनोजसमोरच आईला सांगितलं.

"आये, दुसरा दोष आपल्या घरचा. दादाकडून गेलाय. माझ्यातपण हाय."

नाचणी पाखडणाऱ्या हिराबाईचं सूप हातातच राहिलं. "तू तर धडधाकट हायेस."

"एकानं काय होत नाय. वैनीला तरी कुठं काय झालंय?"

हिराबाईने सूप खाली ठेवलं. "मंग मी तिला कशापायी धाडली?"

मनोज उठला आणि मुरबाडची एसटी धरून तसाच शहापूरला गेला.

सावळीने दारातच सगळं ऐकून घेतलं. "मशीननं सांगितलं म्हून आलात," ती म्हणाली. "नायतर?"



सावळी परतली नाही. मनोजच आता शहापुरात खोली घेऊन राहतो; काजलला व्यायामाला तोच नेतो. हिराबाई अधूनमधून येते. सावळी तिला पाणी देते, पण अजून आये म्हणत नाही.