डावी केबल

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या माझ्या दुकानात एक नियम आहे. गिऱ्हाइकाची जुनी डिस्क डाव्या केबलला, कोरी डिस्क उजव्या केबलला. नक्कल कायम डावीकडून उजवीकडे. अठरा वर्षं झाली, कुठून कुठे चाललंय हे मी स्क्रीनवर वाचतही नाही. हाताला ठाऊक असतं.

दादा जाऊन तीन महिने झाले, तेव्हा वहिनी त्याचा कॉम्प्युटर घेऊन आल्या.

"भावजी, फार हळू चालतोय. ह्यांची गाणी तेवढी वाचवा. बाकी सगळं गेलं तरी चालेल."

गाणी म्हणजे दादाने स्वतः म्हटलेली. तो इतका बेसूर की गायला लागला की वहिनी मुद्दाम मिक्सर सुरू करायच्या. तरी गडी रोज रेकॉर्ड करायचा. बोलताना मात्र आम्हा दोघांचा आवाज एकच. फोनवर आईसुद्धा फसायची.

डिस्क कुरकुरत होती, पण धड होती. डावी केबल जराशी सैल आहे. गिऱ्हाइकांना चालते, दादाला नको, असं मनात आलं. म्हणून त्याची डिस्क उजवीकडच्या घट्ट केबलला लावली, कोरी डावीकडे. आणि सवयीने बटण दाबलं. नको तिथे माया केली. तीन तास कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरत राहिली, आणि शेवटी 'काम यशस्वी' अशी पाटी आली.

नुसतं पुसलेलं परत आणता येतं. त्यावर दुसरं काही लिहिलं की संपलं. हे मी लोकांना आवाज चढवून सांगतो, दुसरी प्रत का नाही ठेवली म्हणून झाडतोही.

मला काहीच वाटलं नाही. दादा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. मी टेबल पुसलं, एका प्रिंटरमध्ये शाई भरली.

संध्याकाळी वहिनी आल्या. 'डिस्क आधीच गेलेली होती' हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणतो. तेच म्हटलं असतं तर त्यांना कधीच कळलं नसतं.

"वहिनी, डिस्क चांगली होती. माझ्या हातून पुसली गेली. केबल उलट्या लावल्या मी."

त्या स्टुलावर बसल्या. "एकही नाही राहिलं?"

"नाही."

"मला आवाज आठवेनासा झालाय हो. म्हणून गाणी हवी होती."

मग पर्स उचलून गेल्या. कॉम्प्युटर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढतोय तोच फोन वाजला. "हॅलो, बोला," मी म्हटलं. पलीकडे कोणी बोलेना. नंबर वहिनींचा होता.

"हॅलो? वहिनी?"

"वहिनी म्हणू नका," त्या म्हणाल्या. "नुसतं हॅलो म्हणा. परत एकदा."

मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवेपर्यंत म्हणत राहिलो.